१२ टन सोयाबीन म्हणजे ५० किलोची पोती किती? बारदान, ओलावा, गाडी : सगळा हिशोब

बांधावरून
नमस्कार मंडळी. गटातल्या शेतकऱ्यांचं सोयाबीन एकत्र करून लातूरला वखारीत ठेवायचं आहे. सगळ्यांनी सांगितलेले आकडे जोडले तर १२ टन होतात. वखारीत ५० किलोचीच भरती लागते, आणि बारदान, म्हणजे रिकामी पोती, आपणच घ्यायचं आहे. १२,००० भागिले ५० म्हणजे २४०, हे सरळ आहे. पण गटात एक जण २३७ म्हणतो, दुसरा २३० पुरे म्हणतो, तिसरा म्हणतो २४० आणाच. बारदानाचे पैसे सगळ्यांच्या वर्गणीतून जाणार, म्हणून नक्की आकडा हवा. जाणकारांनी नीट फोड करून सांगावी.

मापाडी
तिघांचंही बरोबर असू शकतं, कारण तिघं वेगवेगळ्या वजनाबद्दल बोलताहेत. तुमचे १२ टन हे नेमकं कुठलं वजन, ते आधी ठरवा.

नुसता दाणा, स्वच्छ, वाळलेला, पोत्याशिवाय १२,००० किलो असेल तर २४०. त्यात वाद नाही.

पोत्यासकट भुईकाट्यावर, म्हणजे गाडी तोलायच्या काट्यावर, १२,००० आलं असेल तर वेगळं. तागाचं नवं बी-ट्विल विणीचं पोतं ५८० ग्रॅमचं असतं. म्हणजे ५० किलोची भरती असलेलं पोतं काट्यावर ५०.५८० दाखवणार. १२,००० भागिले ५०.५८ केलं की २३७.२५ येतं. २३७ पूर्ण पोती आणि २३८ व्या पोत्यात जेमतेम १२ किलो दाणा. तुमचा २३७ वाला गडी हाच भागाकार करतोय, फक्त शेवटचं अर्धवट पोतं विसरतोय.

२३० वाल्याने बहुतेक चाळणी आणि ओलावा धरला आहे. मला विचाराल तर तोच खऱ्याच्या सगळ्यात जवळ आहे. घरात पडलेल्या मालात माती, काडी, फुटके दाणे असतात. समजा चाळणीत शेकडा २ गेले. १२,००० चे ११,७६० उरले. आता माल १४ टक्के ओलाव्याचा आहे आणि १२ टक्क्यांवर आणायचा आहे. इथे बहुतेक जण 'दोन टक्के वजा' करतात. ते चूक आहे. वाळवताना पाणी जातं, कोरडा दाणा तेवढाच राहतो. म्हणून सूत्र असं:

नवं वजन = जुनं वजन × (१०० − जुना ओलावा) ÷ (१०० − नवा ओलावा)

११,७६० × ८६ ÷ ८८ = ११,४९२.७ किलो. भागिले ५० म्हणजे २२९.८५. पूर्ण पोती २२९, शेवटच्या पोत्यात ४२.७ किलो. एकूण २३०.

दोन अंकांनी ओलावा उतरला की वजन शेकडा २ नाही, सव्वादोनपेक्षा किंचित जास्त उतरतं. फरक लहान वाटतो, पण १२ टनांवर तो ३३ किलोंचा आहे.

बांधावरून
म्हणजे तिघंही खरे! धन्यवाद. पण मापाडीदादा, आमचे १२ टन कुणी मोजलेलेच नाहीत. एकाकडे ६० किलोचे कट्टे आहेत, दोघांकडे खताच्या रिकाम्या पिशव्यांत भरलेलं आहे, आणि तिघांकडे खळ्यावर सुटा ढीग आहे. प्रत्येकाने अंदाजच सांगितला.

गोदामपाल
मग आधी अंदाज पक्का करा, भागाकार नंतर. भागाकारात चूक क्वचितच होते, वरच्या आकड्यातच असते.

सुट्या ढिगाचं असं करा. ढीग सपाट जमिनीवर असेल तर तो शंकूसारखा बसतो. दोरीने पायथ्याचा घेर मोजा, मधे काठी खुपसून उंची मोजा. घेराचा वर्ग गुणिले उंची, भागिले ३७.७. सगळं मीटरमध्ये मोजलं की उत्तर घनमीटरमध्ये मिळतं. उदाहरण : घेर १२.५ मीटर, उंची १ मीटर. १५६.२५ भागिले ३७.७ म्हणजे ४.१४ घनमीटर.

आता घनमीटरला किलो किती, हे पुस्तकातून घेऊ नका, बादलीने काढा. बादलीवर २० लिटर लिहिलेलं असतं, पण काठोकाठ भरली तर तेवढंच मावतं असं नाही. आधी बादली पाण्याने काठोकाठ भरून वजन करा. बादलीचं वजन वजा केलं की जितके किलो पाणी, तितके लिटर ती बादली. मग ती कोरडी करून त्यात सोयाबीन ओता, दाबू नका, हलवू नका, फळीने वरून सपाट करा आणि वजन करा. २० लिटरला १४.४ किलो भरलं तर घनमीटरला ७२० किलो. ४.१४ गुणिले ७२० म्हणजे २,९८० किलो. ५० च्या भरतीने ५९ पूर्ण पोती आणि ३० किलो वर.

ढीग भिंतीला टेकलेला असेल तर तो अर्धा शंकू. दिसणारा अर्धा घेर मोजा, दुप्पट करा, सूत्रात घाला, आणि येईल त्या उत्तराचं अर्धं घ्या. कोपऱ्यातला ढीग असेल तर घेर चौपट आणि उत्तराचं पाव.

माथा चपटा झालेला असेल, पोरं वर खेळून गेली असतील, तर हे गणित कमी-जास्त होतं. शेकडा पाच-सातचा फरक धरून चाला. बारदान मागवण्यापुरता हा अंदाज पुरतो, व्यवहाराला पुरत नाही.

मापाडी
गोदामपाल यांना अनुमोदन. खताच्या पिशव्यांबद्दल मात्र दोन शब्द. 'युरियाची पिशवी म्हणजे ४५ किलो' असं धरून सोयाबीन मोजू नका. पिशवीवर छापलेलं वजन तिच्यातल्या मूळ मालाचं असतं. पिशवी जागा मोजते, वजन नाही. सगळ्यात ठळक फरक सिमेंटच्या पिशवीत दिसतो. ५० किलो सिमेंट जेमतेम ३५ लिटर जागा घेतं. त्याच पिशवीत सोयाबीन भरलं तर २५ किलोच्या आसपास बसेल. याउलट भुईमुगाच्या शेंगा इतक्या फुलार असतात की मोठ्या तागाच्या पोत्यातही ३०-३५ किलोच मावतात.

आणि खताच्या पिशवीत धान्य भरूच नका. ती कितीही धुतली तरी शिवणीत, घडीत खत राहतं, ओल धरतं आणि दाण्याला लागतं. तो माल आधी उपसा.

हिशोबनीस
एक छोटी भर. मिश्र भरतीची थप्पी असेल आणि एकूण पोती व एकूण वजन माहीत असेल, तर कोणती किती हे न उघडता निघतं. २२० पोती, निव्वळ वजन १२,००० किलो, काही ६० ची, काही ५० ची. सगळी ५० ची असती तर ११,००० भरलं असतं. १,००० किलो जादा आहे, प्रत्येक ६० च्या पोत्यामागे १० किलो जादा, म्हणून ६० ची १०० आणि ५० ची १२०. उत्तर पूर्णांक आलं नाही तर समजा की भरती कुठेतरी कमी-जास्त आहे किंवा मोजणी चुकली आहे. पडताळा म्हणून फार उपयोगी पडतं.

हुंडेकरी
पोती ठरली, आता गाडीचं बघा. इथे भागाकार उलट्या दिशेने पूर्ण करायचा. बारदान घेताना अपूर्णांक वरच्या आकड्यावर न्यायचा, गाडी भरताना खालच्या.

दोन आसांचा ट्रक धरू. आरसी बुकात एकूण वजन १८.५ टन आणि रिकामं वजन ७.२ टन लिहिलेलं आहे असं समजा. वजाबाकी ११.३ टन. पण हे ११.३ टन सगळे मालाचे नाहीत. चालक, क्लीनर, ताडपत्री, दोर, जॅक, जादा टायर यांना २५० किलो सोडा. उरले ११,०५०. एका भरलेल्या पोत्याचं वजन ५०.५८. भागाकार २१८.४. म्हणजे २१८ पोती. २१९ वं चढवलं की वजन ओलांडलं.

तुमची २३० आहेत, बारदानासकट ११,६२६ किलो. २१८ ट्रकमध्ये, १२ मागे राहतात, सुमारे ६०० किलो. पिकअपने आणा किंवा मोठी गाडी बघा. 'डझनभरच आहेत, टाका वर' असं होतं तिथेच दंड होतो, आणि दंडाची पावती माल पाठवणाऱ्याच्याही गळ्यात पडू शकते.

बहुतेक लोक गाडीचा हिशोब निव्वळ वजनावर करतात. बारदान मोजतच नाहीत. २३० तागाची पोती म्हणजे १३३ किलो. हे ओझं गाडी वाहतेच.

बांधावरून
तागाऐवजी प्लॅस्टिकची विणलेली पोती घेतली तर? स्वस्त पडतात.

गोदामपाल
वजनाने हलकी पडतात, शे-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. पण एकेक वजन करून बघू नका, साध्या काट्यावर एक पोतं धड दिसत नाही. दहा पोती एकत्र ठेवा आणि दहाने भागा. १२० ग्रॅमचं आलं तर २३० पोत्यांचे २७.६ किलो. तागाच्या १३३ च्या तुलनेत शंभरावर किलो कमी.

पण थप्पीत प्लॅस्टिक घसरतं. पाच-सहा थरांपर्यंत ठीक, त्यावर थप्पी कलायला लागते. हवाही नीट खेळत नाही. माल १२ टक्क्यांच्या आत असेल तर चालेल, १३-१४ चा असेल तर ताग घ्या. वखारवाल्यांना आधी विचारा, काही ठिकाणी ताग असल्याशिवाय घेत नाहीत.

आणि बारदानाचं वजन एकदा काढून कायमचं वापरू नका. जुनं, दुरुस्त केलेलं, ठिगळ लावलेलं पोतं वेगळं भरतं. ताग पावसाळी हवेत ओल धरून जड होतो. ज्या दिवशी भरणार, त्या दिवशीची दहा पोती मोजा.

मापाडी
किती बारदान घ्यायचं ते राहिलंच. लागणारी २३०. फाटकी, उसवलेली, चाळणीनंतरचा कचरा भरायला, नमुना काढायला अशी शेकडा चार तरी वर धरा. सव्वानऊ म्हणजे दहा. २४० घ्या. म्हणजे तिसऱ्याचा आकडाही चुकीचा नव्हता.

हमीभाव केंद्राला घालायचं ठरलं तर बारदान खरेदी करणारी यंत्रणाच देते, तुम्ही पैसे गुंतवू नका. फक्त ते वेळेवर येईल याची खात्री करा. २०२४-२५ च्या हंगामात राज्यात अनेक केंद्रांवर बारदान नाही म्हणून सोयाबीनची खरेदी अडली होती. त्याच हंगामात केंद्राने ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेली होती, पण ती त्या हंगामापुरती सवलत होती. हिशोब १२ वरच करा.

ढोबळमान
एक शंका. भरती ५० म्हटलं तरी हाताने भरलेलं पोतं कधी ४९.७, कधी ५०.४ भरतं. मग पोती × ५० हे वजन खरं कसं धरायचं?

मापाडी
धरायचंच नाही. पोत्यांची संख्या आणि वजन ह्या दोन वेगळ्या नोंदी आहेत, एकीवरून दुसरी फक्त तपासायची.

भरताना नीट भरायचं असेल तर असं. काट्यावर रिकामं पोतं ठेवून शून्य करा. मग ५०.०० होईपर्यंत भरा. वर चार बोटं जागा शिलाईला ठेवा, काठोकाठ भरलेलं पोतं शिवताना दाणा सांडतो आणि थप्पीत शिवण उसवते. दर २०-२५ पोत्यांनंतर काटा रिकामा करून शून्य परत बघा. काट्याच्या ताटाखाली दाणे अडकतात, ताट टेकतं, आणि काटा कमी वजन दाखवायला लागतो. मग माणूस ५० दिसेपर्यंत भरतच राहतो. ५० ग्रॅमचा दोष २३० पोत्यांत साडेअकरा किलोंचा होतो. पंखा काट्यावर येऊ देऊ नका, आकडा स्थिर राहत नाही. आणि काट्यावर वैधमापन खात्याची चालू वर्षाची पडताळणी मुद्रा आहे का, ते आधी पाहा.

भरून झालेली थप्पी तपासायची असेल तर वेगवेगळ्या थरांतून दहा पोती काढा. वरची दहा नाही, ती भरताना सगळ्यांचं लक्ष असतं. खालच्या, मधल्या, कडेच्या अशी. समजा दहांचं मिळून ५०७.८ किलो आलं. सरासरी ५०.७८, बारदान ०.५८ वजा, निव्वळ ५०.२०. म्हणजे प्रत्येक पोत्यात २०० ग्रॅम जास्त जातंय. २३० पोत्यांत ४६ किलो. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, त्या भावाने २,४५० रुपये. एका हाताने भरलेली पोती आणि दुसऱ्या हाताने भरलेली पोती वेगळी तपासा, फरक तिथेच सापडतो.

आणखी एक. पोत्यामागे किलो-अर्धा किलो कडता, म्हणजे रिवाज म्हणून घेतलेली वजनाची सूट, कापायला बाजार समितीच्या व्यवहारात थारा नाही. एक किलो कडता म्हणजे २३० पोत्यांत २ क्विंटल ३० किलो, साडेचार पोत्यांहून जास्त. बारदानाचं वजन वजा करणं हा हिशोब आहे. कडता हा हिशोब नाही. पट्टीवर दोन्ही वेगळे लिहून मागा.

हुंडेकरी
भुईकाट्याबद्दल. भुईकाटा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने दाखवतो. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी अशी दोन वजनं होतात. त्यामुळे पोत्यांच्या बेरजेत आणि भुईकाट्यात १०-२० किलोंचा फरक आला म्हणून कुणाला चोर ठरवू नका. त्यापुढचा फरक असेल तर शोधायचा.

शोधताना आधी डिझेल बघा. रिकाम्या वजनानंतर वाटेत ६० लिटर डिझेल भरलं तर सुमारे ५० किलो वाढले. एक अख्खं पोतं! पाऊस झाला असेल तर भिजलेली ताडपत्री. एका वजनाला चालक आत आणि दुसऱ्याला बाहेर, हेही होतं. सगळी चाकं, म्हणजे सगळे आस, काट्याच्या फळीवर नीट आले होते का? मागचं चाक काठावर असेल तर वजन भलतंच येतं. दोन्ही वजनं शक्यतो एकाच काट्यावर, एकाच दिवशी करा.

बांधावरून
वखारीत जागा किती लागेल? आमच्यासाठी आरक्षित करायची आहे.

गोदामपाल
९४ × ५७ सेंटिमीटरचं तागाचं पोतं ५० किलो भरून आडवं ठेवलं की साधारण ८५ × ५५ सेंटिमीटर जागा घेतं आणि दाबून १७-१८ सेंटिमीटर उंच बसतं. पोत्याची लांब बाजू एका दिशेने ठेवून ६ × ४ चा थर लावा. सहा रुंद्या ३.३ मीटर, चार लांब्या ३.४ मीटर. जवळजवळ चौरस होतो. म्हणूनच २४ चा थर सोयीचा आहे : पुढचा थर आडवा फिरवला तरी कडा जुळतात आणि थर एकमेकांत बांधले जातात. सगळे थर एकाच दिशेने लावले तर थप्पी उभ्या चिरेने फाटते आणि पोती अंगावर येतात.

२४ चे ९ थर म्हणजे २१६, वर १४. एकूण २३०. जमिनीवर सव्वाअकरा चौरस मीटर, १२० चौरस फूट धरा. खाली लाकडी फळ्या किंवा पॅलेट, भिंतीपासून दोन-अडीच फूट दूर. चारही बाजूंनी फिरता आलं पाहिजे, नाहीतर मोजणी आणि धुरी दोन्ही होत नाहीत. हे धरून जागा दुपटीच्या आसपास जाते.

बियाण्यासाठी राखलेलं सोयाबीन यात घालू नका. त्याचं टरफल पातळ असतं, वजनाखाली आणि आदळण्याने उगवण जाते. त्याची थप्पी चार-पाच थरांची, वेगळी.

बाहेरून मोजताना : एका बाजूला एका थरात ६ तोंडं दिसतील, त्यावरच्या थरात ४ कुशी, पुन्हा ६. शेजारच्या बाजूला नेमकं उलटं, ४-६-४. एका थरात ६ च्या जागी ५ दिसली तर तो थर २४ चा नाही. आतली पोती मात्र बाहेरून दिसत नाहीत, मधे पोकळी ठेवूनही थप्पी बाहेरून पूर्ण दिसते. म्हणून थप्पी लागत असतानाच थरागणिक आकडा लिहा.

काळीआई
धाग्याचा विषय थोडा वाढवते, पण गणित हेच आहे. खताच्या पिशव्या काढताना अजून कित्येक जण युरियाची गोणी ५० किलोची धरतात. २०१८ पासून ती ४५ ची आहे. ५० किलोत २३ किलो नत्र होतं, ४५ किलोत २०.७ आहे. सल्फरचं आवरण असलेल्या युरियाची, म्हणजे युरिया गोल्डची, पिशवी ४० किलोची आणि नत्र ३७ टक्के, म्हणजे पिशवीला १४.८ किलोच. तीन वेगवेगळ्या 'एक गोणी' झाल्या.

सोयाबीनला हेक्टरी ३०:६०:३० द्यायचं तर एकरी १२ नत्र, २४ स्फुरद, १२ पालाश. पाच एकरांचा हिशोब :

स्फुरद १२० किलो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के. १२० ÷ ०.१६ = ७५० किलो, ५० च्या १५ पिशव्या.
नत्र ६० किलो. ६० ÷ ०.४६ = १३०.४ किलो, ४५ ने भागून २.९, म्हणजे ३ पिशव्या.
पालाश ६० किलो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के. १०० किलो, २ पिशव्या.

एकूण २० पिशव्या. २० पिशव्या म्हणजे एक टन असं धरून गाडी सांगतात, पण इथे वजन ९८५ किलो आहे. फरक युरियाच्या तीन पिशव्यांचा.

सुपर फॉस्फेट का, तर त्यातून ११ टक्के गंधक फुकट मिळतं आणि सोयाबीनला ते हवंच असतं. डीएपी घेतलं तर पिशव्या कमी होतात, पण त्यात नत्रही १८ टक्के असतं. ते आधी वजा करून मग युरिया काढायचा. बरेच जण ते वजा करत नाहीत आणि सोयाबीन नुसतं पाल्यावर जातं.

फर्मा
सिमेंटवाल्यांसाठी एवढंच : ५० किलोची पिशवी म्हणजे ०.०३४७ घनमीटर, सव्वा घनफूट. टनाला २० पिशव्या. १:१.५:३ च्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटला घनमीटरमागे ४०३ किलो, म्हणजे आठ पिशव्या. सगळे गणित बरोबर करतात आणि वाळूत चुकतात, कारण ओली वाळू फुगते. पाव भाग फुगलेली वाळू फर्म्याने, म्हणजे मापाच्या पेटीने, मोजून टाकली की प्रत्यक्षात वाळू कमी जाते आणि ठरलेल्या जागेला सिमेंटच्या पिशव्या जास्त लागतात. मग दोष पिशवीच्या वजनाला दिला जातो. पिशवीचं वजन तपासायचंच असेल तर एक नाही, बऱ्याच पिशव्या तोलून सरासरी काढा. एखाद्या पिशवीत एक किलोपर्यंत तूट मानकात बसते, सरासरी मात्र ५० च्या खाली जायला नको.

हिशोबनीस
किराणा घेणाऱ्यांनीही पिशवीवरचा आकडा वाचावा. जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या तांदूळ-गहू-पिठाच्या पिशव्यांवर ५ टक्के जीएसटी आला, तेव्हापासून २६ आणि ३० किलोच्या पिशव्या सर्रास दिसतात. ५ क्विंटल तांदूळ म्हणजे २५ च्या २० पिशव्या, पण २६ च्या १९ घेतल्या तर ४९४ किलोच होतात. २० घ्याव्या लागतात आणि २० किलो वर राहतो.

'पोतं' हा शब्द तर विचारल्याशिवाय धरूच नका. ज्वारीचं पोतं म्हटलं की जुनी माणसं क्विंटल समजतात. साखरेच्या बोलण्यात पोतं १०० चं की ५० चं, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करून घ्या. भाव क्विंटलचा आणि नग ५० किलोचा, इथे दुपटीची चूक होते.

मापाडी
खरं आहे. आणि ५० च्या वर भरू नका, ह्याला हमालाच्या पाठीचंही कारण आहे. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात ५० किलोपेक्षा जड गोण्या उतरवायला माथाडींनी वेळोवेळी नकार दिला आहे, आणि ते योग्यच आहे. ६० चे कट्टे करून थोडं बारदान वाचवणं बरोबर नाही.

बांधावरून
सगळ्यांचे मनापासून आभार. ढिगांची मापं उद्याच घेतो. शेवटचा प्रश्न : ते ४२.७ किलोचं शेवटचं पोतं. काही जण म्हणतात सगळ्या पोत्यांतून थोडं थोडं काढून ते ५० करा, म्हणजे २३० एकसारखी दिसतील.

गोदामपाल
अजिबात करू नका. तसं केलं की एकही पोतं ५० चं राहत नाही आणि कुठलंही तपासलं तरी तूट निघते. २२९ पोती ५० ची ठेवा. शेवटचं वेगळ्या रंगाच्या सुतळीने शिवा, त्याला '४२.७' लिहिलेली चिठ्ठी बांधा आणि थप्पीत सगळ्यात वर, पुढच्या कडेला ठेवा. पावतीवर असं लिहून घ्या : २२९ × ५० = ११,४५०, अधिक १ × ४२.७, एकूण निव्वळ ११,४९२.७ किलो, पोती २३०, बारदान ताग ५८० ग्रॅम, ओलावा १२ टक्के. ओलाव्याचा आकडा नक्की लिहून घ्या. सहा महिन्यांनी माल काढताना वजन थोडं उतरलेलं असलं, तर ती तूट आहे की सुकणं आहे हे ठरवायला दुसरा आधार नसतो.

आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या पोत्यांवर त्याचा क्रमांक मार्करने घाला, शिलाईच्या बाजूला, म्हणजे थप्पीत तोंड बाहेर असताना वाचता येतो. शेवटचं अर्धवट पोतं गटाचं मिळून एकच असेल, तर त्यात कुणाचे किती किलो आहेत ते भरतानाच वहीत लिहा.

बांधावरून
लिहून घेतलं. २४० बारदानाची ऑर्डर आज देतो, ताग.